बोगद्याच्या अलीकडे

१

संध्याकाळी साडेसहाला मी कुकर लावतो आणि सायकलवर बसतो. निदान गेल्या महिन्यापर्यंत तरी बसत होतो.

सायकल कुठे जात नसे. इथे परदेशात, सेंगकांगमधल्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटचा हॉल तो केवढा, तिथे जाणार कुठे? मागचं चाक एका लोखंडी स्टँडमध्ये पकडलेलं, समोर भिंतीवर टीव्ही, आणि टीव्हीवर स्पेन. स्टँडला सेन्सर होता. मी पाय मारले की चित्र पुढे सरकायचं, थांबलो की थांबायचं. वेग वाढवला की झाडं भराभर मागे जायची. खिडकीबाहेरून एलआरटी लोकलचा डबा घरघरत गेला की तेवढ्यापुरतं आपण कुठे आहोत ते आठवायचं.

रस्ता मीनाक्षीने शोधलेला होता. मीनाक्षी म्हणजे माझी बायको. तिथून पूर्वी ऑलिव्ह तेलाची मालगाडी जायची. गाडी बंद पडली, रूळ उचलले, आणि त्यांच्या जागी बारीक पांढरी खडी दाबून सायकलवाल्यांसाठी वाट केली. आगगाडीचीच वाट, त्यामुळे चढ बेताचा. मधे मधे जुनी स्टेशनं, लोखंडी पूल, बोगदे. दोन्ही बाजूंना डोंगर संपेपर्यंत ऑलिव्हची झाडं. "आणि एकही मोटार नाही रे, विचार कर," ती म्हणायची. तिने नकाशे छापून एक फाइल केली होती. प्रत्येक स्टेशनावर कुठे जेवायचं, कुठे राहायचं, सगळं पेन्सिलीने लिहिलेलं.

मी मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनीअर होतो. "पुढच्या सुट्टीत नक्की," असं मी तिला सहा वर्षं सांगितलं. दर वेळी आणखी एक जहाज निघायचं. जहाजावरून फोन केला की ती शेवटी एकच वाक्य बोलायची. "घाई नाही रे. सावकाश ये."

मार्चमध्ये ती गेली. सकाळी किमयाला, आमच्या मुलीला, डबा भरून देताना खाली बसली ती उठलीच नाही. मी ब्राझीलच्या पुढे समुद्रात होतो. घरी पोचायला सहा दिवस लागले. तोवर माझ्या भावाने पुण्याहून येऊन सगळं उरकलं होतं. मी तिला शेवटचं पाहिलं ते त्याच्या चार महिने आधी, विमानतळावर, पाठमोरं.

मग मी समुद्र सोडला आणि तुआसला एका शिपयार्डात नोकरी धरली. सप्टेंबरमध्ये त्या रस्त्याची व्हिडिओ विकत घेतली. एकशेवीस किलोमीटर. ठरवलं होतं की वर्षश्राद्धाच्या आत पूर्ण करायचे, तिच्यासाठी. गुडघा बरा नव्हता, म्हणून रोज चार-पाचच.

२

दसऱ्यानंतरच्या मंगळवारी तिसरं स्टेशन आलं.

बसकं, पिवळ्या भिंतींचं, फलाटावर दोन बाकं. दारं बंद. भिंतीला एक सायकल टेकवून ठेवली होती. मी पुढे गेलो, आणि दहा-वीस पाय मारल्यावर लक्षात आलं की त्या सायकलच्या हँडलवर काहीतरी केशरी होतं.

व्हिडिओ मागे नेली. थांबवली. टीव्हीच्या इतका जवळ गेलो की नुसते ठिपके दिसायला लागले. मग हळूहळू मागे सरकलो.

झेंडूची माळ होती.

आता स्पेनमध्ये झेंडू नसतो असं कुणी सांगितलं? असेल की. त्या स्टेशनात हॉटेल असेल, कुणाचं लग्न असेल, शोभेला लावली असेल. मी तीस वर्षं इंजिनांच्या संगतीत काढलेला माणूस आहे. आवाज आला की आधी सैल झालेला बोल्ट शोधायचा, भूत नंतर. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या होत्या. उतरलो, गॅस बंद केला आणि पानं वाढली.

पण त्या माळेत मधे एक पांढरं शेवंतीचं फूल होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी टेक्का मार्केटात माळ घेताना ती कमी पडली, म्हणून फुलवाल्याने मधे एक शेवंती ओवून दिली होती. माझ्यासमोर.

३

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण चूक माझी आहे.

घरात माणूस गेलं की वर्षभर सण करत नाहीत. माझ्या ताईने पुण्याहून फोन करून दोनदा बजावलं होतं. पण खंडेनवमीला हत्यारांना हळदकुंकू लावणं माझ्या हातात मुरलेलं आहे. कुठल्याही समुद्रात असलो तरी त्या दिवशी मेन इंजिनाला कुंकू लागायचंच. फिलिपिनो पोरंसुद्धा आपापले पाने पुढे करायची. म्हणून त्या दिवशीही मी पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर पाटावर मांडले. माझ्या सायकलला कुंकू लावलं. आणि मग घरातल्या शेल्टरचं दार उघडलं.

इथल्या सरकारी फ्लॅटांत एक खोली बॉम्बपासून बचावाला बांधलेली असते. जाड भिंती, खिडकी नाही, वीतभर जाडीचं लोखंडी दार. सगळे तिची अडगळीची खोली करतात. मीनाक्षीची निळी सायकल मार्चपासून तिथे उभी होती. मी तिलाही हळदकुंकू लावलं, माळ घातली, दार लावून घेतलं.

मीनाक्षीचा एक नियम होता. पूजा झाली की गाडी तशीच ठेवायची नाही, एक चक्कर मारून आणायची. माझी सायकल मी खाली नेऊन ब्लॉकभोवती फिरवून आणली. तिची नाही नेली. तिच्या सीटवर बसणं माझ्याने होईना. नुसती पूजा करून अंधारात उभी करून ठेवली.

स्टेशनावरची माळ पाहिली त्या रात्री जेवण झाल्यावर मी शेल्टर उघडलं. सायकल जागेवर होती. हँडलवर माळ नव्हती.

"किमू, आईच्या सायकलची माळ तू काढलीस?"

"What माळ?" ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली. "I never go in there lah, बाबा. Door so heavy."

मी खाली बसून टायर पाहिले. खाचांमध्ये पांढरी पूड बसली होती. बोटावर घेऊन चोळली तर कचकचली. भिंतीचा चुना असेल, असं मी ठरवलं आणि फडक्याने दोन्ही चाकं पुसून काढली. दुसऱ्या दिवशी सायकलवर बसण्याआधी पुन्हा पाहिली. पुन्हा पुसावी लागली.

४

मग आवाज सुरू झाला.

पाय थांबवले की मागच्या चाकाची बारीक टिकटिक होते, ती कुठल्याही सायकलची होते. माझी ओळखीची होती. पण मी थांबल्यावर तिच्यामागे आणखी एक टिकटिक यायची, जरा हलकी, आणि माझी संपल्यावर क्षणभर उशिरा संपायची.

खोलीत प्रतिध्वनी असू शकतो. स्टँडचा बेअरिंग असू शकतो. इंजिनात नेमका कुठे आवाज होतोय ते कळायला आम्ही लांब स्क्रू ड्रायव्हर घेतो. टोक यंत्राला लावायचं, मूठ कानाच्या हाडाला. बाहेरचा गोंगाट बंद होतो आणि आतलं ऐकू येतं. मी तसं केलं. स्टँड ठीक होता. भिंत ठीक होती. मग शेल्टरच्या दाराला टोक लावलं.

आत खडी वाजत होती. दाबलेल्या खडीवरून चाक जातं तेव्हा होतो तो आवाज, चुरचुर, एका लयीत, दूर जाणारा. मी कान काढला की काही नाही. लावला की पुन्हा. मी सायकलवर नव्हतो, टीव्हीवरचं चित्र थांबलेलं होतं. कितीतरी वेळ मी तसाच उभा होतो. मग आत दोनदा घंटी वाजली.

पुंगोलच्या पार्क कनेक्टरवर, म्हणजे बागा जोडणाऱ्या सायकलवाटेवर, आम्ही फिरायला जायचो तेव्हा मीनाक्षी नेहमी पुढे. मी जहाजावरचा माणूस, माझा दम कमी. ती वळणावर जाऊन थांबायची, डावा पाय जमिनीवर, उजवा पॅडलवर, आणि मी दिसलो की दोनदा घंटी वाजवून पुन्हा पुढे. किमयाला सायकलही तिनेच शिकवली, सीट धरून मागे पळत. मी ते जहाजावर मोबाइलमध्ये पाहिलं.

मला भीती वाटली का? वाटली. पण खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त आनंद झाला. आठ महिन्यांत पहिल्यांदा मला घरात कुणीतरी असल्यासारखं वाटलं.

५

ती टीव्हीवरच्या रस्त्यावर दिसायला लागली ते त्यानंतर दोन दिवसांनी. आधी वळणावर नुसता निळा ठिपका, मग पाठ, मग पाठीवरची वेणी. मी वळणापाशी पोचेपर्यंत ती निघालेली असायची.

मी व्हिडिओ विकणाऱ्याला ईमेल केली. उत्तर लगेच आलं. जूनमध्ये, कामाच्या दिवशी सकाळी चित्रण केलं होतं, संपूर्ण रस्त्यात एकही माणूस नाही, उलट माणसं आलेला भाग ते कापूनच टाकतात. शेवटी विचारलं होतं, चित्र अडखळत असेल तर पैसे परत देऊ का. नको म्हणून कळवलं.

मग चारचे आठ किलोमीटर झाले, आठचे पंधरा. गुडघा सुजला. भात दोनदा करपला. किमयाच्या शाळेत पालकांची भेट होती, तिचे गुण घसरले होते म्हणून खास बोलावलं होतं. मी विसरलो. ती एकटी बसून आली. "Never mind," एवढंच म्हणाली आणि खोलीचं दार लावलं. मला वाईट वाटलं, आणि साडेसहा वाजले होते, म्हणून मी सायकलवर बसलो.

काय हवं होतं मला? तोंड पाहायचं होतं. बाकी काही नाही. चार महिने जहाजावर आणि पुढे हे सगळे महिने, मी मनात तिचं तोंड आठवायचा प्रयत्न करायचो आणि दर वेळी फोटोतलंच यायचं. फोटोत नसलेलं, सकाळचं, केस न विंचरलेलं तोंड मला एकदा पाहायचं होतं.

शुक्रवारी बोगदा आला. मीनाक्षीच्या फाइलमध्ये त्याच्यापुढे पेन्सिलीने लिहिलं होतं, 'इथे थांबायचं. आत गेलं की दिवे आपोआप लागतात.'

ती थांबली होती. बोगद्याच्या तोंडाशी, उन्हात, डावा पाय जमिनीवर. या वेळी पुढे निघाली नाही. मी पाय मारत होतो, चित्र सरकत होतं, खडी चुरचुरत होती. वेणीचा रबर दिसला, काळा. मानेवरचा घाम दिसला. आणखी वीस पाय, पंधरा. तिने मान वळवायला सुरुवात केली. कान दिसला, गालाची कड दिसली.

"बाबा!"

घरात जळका वास भरला होता. किमया स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कुकर तिनेच बंद केला असावा. तिची नजर माझ्यावर नव्हती, टीव्हीवर होती.

"बाबा, who you talking to?"

मी बोलत होतो हे मला माहीत नव्हतं.

"You keep saying आलो, आलो." तिचा आवाज फाटला. "आई गेली. Then you also go, then I how?"

माझे पाय थांबले. चित्र थांबलं. मान अर्धी वळलेली होती, तशीच राहिली. माझी टिकटिक संपली, मागून दुसरी संपली. मी उतरलो आणि टीव्ही बंद केला. बंद करताना मी समोर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर केला नसता.

६

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी मीनाक्षीची सायकल शेल्टरमधून काढली, टायरांत हवा भरली आणि लिफ्टने खाली नेली. सकाळचे आठ वाजले होते. इमारतीखालच्या मोकळ्या व्हॉइड डेकमध्ये म्हातारी चिनी माणसं व्यायाम करत होती. मी तिच्या सीटवर बसलो. ती मला बुटकी होत होती, गुडघे वर येत होते. तरी पुंगोलच्या पाण्यापर्यंत गेलो, जिथे ती थांबायची त्या वळणावर थांबलो, आणि परत आणली. पूजेची राहिलेली चक्कर पूर्ण झाली. येताना रडलो. एका बाईने मला टिश्यूचं पाकीट दिलं.

व्हिडिओ डिलीट केली. स्टँड घडी करून कपाटावर ठेवला. त्यानंतर संध्याकाळी मी आणि किमया मिळून भाजी चिरायचो. तिच्या शाळेत जाऊन बाईंची माफी मागितली. टायर रोज पाहायचो. स्वच्छ. दाराला स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकायचो. आत काहीच नसायचं, आणि ते काहीच नसणं ऐकत मी जरा जास्तच वेळ उभा राहायचो.

किमया शांत झाली होती. जेवायला लागली होती. एकदा भाजी चिरताना तिने विचारलं, "बाबा, the tunnel, how long is it?"

"कशाला?"

"Just asking."

मी म्हणालो, आईच्या फाइलमध्ये असेल. तिने मान हलवली. पोरीने आईचा विषय स्वतःहून काढला म्हणून मला बरंच वाटलं. आठ महिने मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की त्या सकाळी स्वयंपाकघरात नेमकं काय झालं. मी आलो तेव्हा सहा दिवस होऊन गेले होते आणि ती शाळेत जायला लागली होती. मला वाटलं, ती सावरली.

७

काल यार्डात लवकर सुटलो. घरी पोचलो तेव्हा चार वाजले होते. ग्रिलच्या दाराबाहेर किमयाचे शाळेचे बूट होते. बुटांवर पांढरी धूळ होती.

दार उघडायच्या आधीच मला आवाज आला.

हॉलमध्ये स्टँड मांडला होता. स्टँडमध्ये निळी सायकल होती, आणि सायकलवर किमया, शाळेच्या गणवेशात. तिला सीट अगदी बरोबर होत होती. ती एका लयीत पाय मारत होती. टेबलावर मीनाक्षीची फाइल उघडी होती, आणि बोगद्याच्या पानावर पेन्सिलीच्या ओळीखाली निळ्या पेनाने बरोबरच्या खुणा केलेल्या होत्या, एकीखाली एक, नऊ.

व्हिडिओ मी डिलीट केली होती, तरी टीव्हीवर मी कधीच न पाहिलेला रस्ता होता. बोगदा मागे पडला होता. ऑलिव्हची झाडं, कलतं ऊन, पांढरी खडी. समोर कुणी नव्हतं. पण खडीवर किमयाच्या सायकलची सावली पडली होती, आणि तिच्या शेजारी, चाकाला चाक लावून, आणखी एक.

"किमू."

तिने ऐकलं नाही. मी पुढे होऊन प्लग ओढला. टीव्ही काळा झाला. खडीचा आवाज थांबला नाही.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. एसी चालू होता, पंखा चालू होता, आणि तिचा सदरा उन्हात तापला होता. केसांच्या मुळांशी पांढरी पूड होती. तिने काळ्या टीव्हीवरून नजर न हलवता तोंड उघडलं. माझी मुलगी घरात जेमतेम दोन शब्द मराठी बोलते.

"घाई नाही रे," ती म्हणाली. "सावकाश ये."

आवाज किमयाचा होता. मला तेव्हा जे वाटलं ते बापाला वाटू नये. भीती नंतर आली. आधी हेवा वाटला.

मग मी मागे गेलो आणि दोन्ही हातांनी सीट धरली. स्टँडचे पाय जमिनीवर पक्के होते, चाक क्लॅम्पमध्ये होतं, हे मी पाहिलं. तरी सीट हाताला ओढत होती, पुढे, सारखी. मुलीला सायकल शिकवताना सीट किती वेळ धरायची आणि कधी सोडायची, हे मीनाक्षीला माहीत होतं. मी तेव्हा जहाजावर होतो.

मी पाय रोवून धरून ठेवली. पुढे दोनदा घंटी वाजली, आणि किमयाने आणखी जोरात पाय मारले.